रशीदभाईंचा पिवळा

पुण्यात मी ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून शिवते, तिथे सगळंच न्यू एज आहे. कुर्ता न्यू एज, नवरी न्यू एज, तिचा लेहंगा तर आहेच. परवा एक गिऱ्हाईक आलं, ते उशीखाली रंगीत दगड ठेवून मन शांत करायला शिकत होतं. तेही न्यू एज. एकीची सासू न्यू एज निघाली. म्हणजे ती सुनेला काही बोलत नाही, असं मला समजावून सांगण्यात आलं. मी मान डोलावली. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हापासून जिथे अक्कल पुरत नाही तिथे मी मान पुढे करते. आता इतका सराव झाला आहे की लोकांना मी विचारी वाटते.

गेल्या आठवड्यात मालकीणबाईंच्या मुलीनं विचारलं, "मावशी, न्यू एज म्हणजे काय ते कळतं का हो तुम्हाला?" चेष्टेनं नव्हे, मायेनंच विचारलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. वेळ मिळावा म्हणून मी त्या एकेक करून काढल्या आणि म्हणाले, "कळते नं. भावाभावात वाटणी झाली."

ती इतकी हसली की बाहेरून दोघी बघायला आल्या. बाईंनी तो किस्सा तीन गिऱ्हाइकांना सांगितला. मीही हसले, सगळ्यांच्या नंतर, नेहमीसारखी. पण घरी आल्यावर वाटलं, आपण काही चुकीचं बोललो नाही. तो अर्थ मला ज्या माणसानं शिकवला त्यानं चाळीस वर्षांत एक वेलांटी चुकवली नव्हती.

रशीदभाई पेंटर. यवतमाळकडच्या दिग्रसला, कापसाच्या जिनिंगकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझ्या जाऊबाईंचं सुशीला लेडीज टेलर होतं, त्याच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यात उभे, आडवे, सुकणारे पत्रे. माणूस उंच, वाळका. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अंगात पांढराशुभ्र सदरा. दिवसभर रंगात काम करून त्या सदऱ्यावर एक डाग नसे, आणि आम्ही दिवसभर कापडात बसून आमच्या पदराला तेलाचे डाग असत. जाऊबाई मला त्या सदऱ्याकडे बोट दाखवून सुनावायच्या.

रंग दिसायचा तो एकाच ठिकाणी, डाव्या अंगठ्याच्या नखावर. डबा उघडला की आधी ब्रशचं टोक त्या नखावर टेकवून ते रंग पारखत. त्यामुळे संध्याकाळी नख पाहिलं की आज कुठलं काम झालं ते कळे. हिरवं म्हणजे कृषी केंद्र, लाल म्हणजे दवाखाना. पिवळं दिसलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

ते चौथी शिकलेले. तरी मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि व्यापाऱ्यांसाठी गुजराती, सगळी अक्षरं त्यांच्या हातात होती. वाचत किती ते ठाऊक नाही. पेपर आला की डोळ्यांपासून लांब धरून बघत आणि म्हणत, "आज अक्षर चांगलं छापलं." आत कोण मेलं, कोण निवडून आलं, ते दुसऱ्यानं सांगावं. पाटी लिहिताना आधी चुन्यात बुडवलेली सुतळी ताणून रेघ मारत, मग शिरोरेषा पुरी ओढत, आणि तिला अक्षरं खाली लटकवत. आपण उलटं करतो. मी एकदा तसं म्हणाले तर म्हणाले, "आधी छत टाका, वहिनी. मंग घरात कोणी बी येऊ द्या."

मला ते लहानी वहिनी म्हणत. लहानी वहिनीला इंग्रजी अक्षरं धड येत नाहीत हे त्यांना कळलं ते मी गुलाबी रिळाच्या जागी शेंदरी आणलं तेव्हा. खोक्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून इंग्रजी पाटी असली की पत्रा आमच्या दाराकडे तोंड करून ठेवत, आणि लिहिता लिहिता हवेशी बोलल्यासारखं बोलत. A म्हणजे शिडी. B म्हणजे गरोदर बाई, दोन्ही वेळची. S म्हणजे वळणावरची एसटी. दोन वर्षांत अख्खी बाराखडी मी अशी फुकटात उचलली. आज पुण्याच्या लिफ्टमध्ये एकटी चढते ती त्या शिडीवरून. 

आता 'न्यू'चं सांगते. दिग्रसात दुकानाच्या नावाआधी 'न्यू' असलं तर त्याचा अर्थ नवं दुकान असा कोणी घेत नसे. नुसतं गणेश किराणा म्हणजे थोरला. न्यू गणेश किराणा म्हणजे धाकटा, आणि दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला जातात की नाही हे आधी विचारून घ्यायचं. तेव्हा दुकानाला दोन पाट्या असत, एक दारावर, एक रस्त्याकडे आडवी. वाटणी झाली की एकेक पाटी एकेकाच्या वाट्याला यायची. नवा पत्रा कोण घेतो? धाकट्याच्या पाटीवर नावाआधी 'न्यू' घातलं की झालं.

हे ठाऊक असल्यामुळे रशीदभाई प्रत्येक पाटीवर डावीकडे वीतभर जागा सोडत. मोकळी दिसू नये म्हणून तिथे एक लाल फूल काढत. लोकांना वाटे ती त्यांची सही. मलाही वाटलं होतं. विचारलं तर ब्रश पुसत म्हणाले, "सही कायची. आज दोघं भाऊ एका ताटात जेवून राह्यले. पण पत्रा वीस वर्सं टिकते."

मला ते चटकन कळलं. आम्हीही ब्लाउजच्या शिवणीत आत बोटभर कापड सोडतो, बाई पुढे अंगानं भरेल म्हणून. आम्ही माणूस भरेल म्हणून सोडायचो, ते फाटेल म्हणून.

पण जागा सोडली होती म्हणून 'न्यू' लगेच मिळत नसे. 'न्यू' कायम लिंबाच्या पिवळ्यात लिहायचं, लांबून दिसावं म्हणून. धाकटा भाऊ तावातावानं पाटी घेऊन आला की रशीदभाई त्याला बसवत, विचारत, "मोठा कुठं हाय?" आणि मग सांगत, "पिवळा संपला. यवतमाळून येईल. आठ दिवस." आठ दिवसांनी रंग येई तो दुसऱ्याच छटेचा. तो बदलून येईतो आभाळ भरून येई, आणि आभाळात रंग सुकत नाही. तरीही जो टिके त्याला थोरल्याला घेऊन यावं लागे, दोघांनी एका किटलीतला चहा त्यांच्यासमोर प्यावा लागे, आणि तेव्हा कुठे डबा उघडे. चपलांच्या दुकानवाले दोघे भाऊ या हेलपाट्यांनी इतके वैतागले, की या पेंटरचं काहीतरी केलं पाहिजे म्हणून दोघांनी मिळून खलबत केलं आणि बोलत बोलत एकाच सायकलवर घरी गेले. त्यांच्या पाटीवर अजून फूल आहे. गावात कोणाच्या घरी भांडण लागलं की बायका एकमेकींना म्हणायच्या, रशीदभाईचा पिवळा संपला असंल तर बरं.

कापसाचा भाव बसला त्या वर्षांत मात्र नख वरचेवर पिवळं दिसू लागलं. बाजारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग आखूड झाली, जिनिंग चार महिने चालायची ती दीड महिन्यावर आली. माझ्या नवऱ्याचं काम तिथेच होतं. एका दुकानावर दोन बिऱ्हाडं पोसली जाईनात, म्हणून माणसं दुकानं वेगळी करायला लागली, जणू पत्रा कापला की गिऱ्हाईक दुप्पट होणार. ज्या वर्षी कोणाच्या अंगावर नवं कापड नव्हतं त्या वर्षी आमच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त 'न्यू' होते.

आणि न्यू एज आलं ते अशाच एका वर्षी, जीपमधून. बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीची जीप, तिच्यावर भोंगा आणि मोठं छापील कापड, 'न्यू एज शेती'. सगळ्यांना टोप्या वाटल्या. रशीदभाईंना आजूबाजूच्या गावांतल्या भिंतींचं काम मिळालं, न्यू एज बियाणं, बोंडाची खात्री. त्यांनी मन लावून लिहिलं. त्या साली झाडं कमरेएवढी वाढली आणि बोंडं धरलीच नाहीत. नेरच्या रस्त्यावरच्या एका गावात ते दुसऱ्या कामाला गेले असता एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पेंटर, हे तूच लिवलं नं?" रागानं नाही, नुसतं विचारलं. दुसऱ्या दिवशी रशीदभाई चुन्याची बादली घेऊन एसटीत बसले. पंधरा दिवस गावोगाव फिरून त्यांनी प्रत्येक भिंतीवरचा एक शब्द पुसला, 'खात्री'. मी म्हणाले, आता त्या वाक्याला काही अर्थ राहिला नाही. ते म्हणाले, "मले जेवढं माईत हाय तेवढं ठेवलं." जीप काही परत आली नाही, त्यामुळे कोणी हटकलंही नाही.

एवढं डोळ्यांनी पाहूनही जीपवरचा तो शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला, हे सांगायला आज लाज वाटते. दुकानात एका ब्लाउजवर आम्ही दोघी जावा टपून बसायचो. मला वाटलं, वेगळं दुकान काढावं, न्यू एज लेडीज टेलर, म्हणजे कॉलेजच्या पोरी रांग लावतील. जाऊबाई माहेरी गेलेल्या बघून मी रशीदभाईंकडे गेले. ते म्हणाले, "मोठ्या वहिनी कुठं हायेत?" मी म्हणाले, त्यांना कायले सांगायचं. ते म्हणाले, "पिवळा संपला."

मी हुशार. मी एसटीनं यवतमाळला गेले आणि पिवळ्याचा डबा घेऊन आले. जन्मात एकटीनं केलेला तो पहिला प्रवास, आणि तोही जावेशी फारकत घ्यायचा रंग आणायला. येताना सगळी गाडी माझ्या पिशवीकडे बघते आहे असं वाटत होतं. रशीदभाईंनी डबा उघडला, नखावर थेंब घेतला, उन्हात धरला. "हा हळदीचा हाय, वहिनी. 'न्यू'ले लिंबाचा लागते." मी डबा घेऊन दुकानात परतले तर जाऊबाई एक दिवस आधीच आलेल्या. त्यांनी डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि म्हणाल्या, "यवतमाळले गेलतीस त बटनं काहून नाही आणले?"

बस्स, तेवढंच. पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही. त्या रंगात आम्ही दुकानातला बाक रंगवला. बरेच दिवस गिऱ्हाइकांच्या साड्यांना तो लागत असे.

रशीदभाईंना मूलबाळ नव्हतं. होता तो जमील, त्यांचा भाऊ, वयानं पंधरा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, त्याला वाढवला, बारावी केला, अमरावतीला कॉम्प्युटर शिकायला पाठवला, लग्न करून दिलं. एक घर, एक चूल. जमील परत आला तो फ्लेक्स छापायच्या मशीनचं बोलतच. रशीदभाईंचे डोळे तोवर अधू होत चालले होते. त्यांनीच म्हटलं, आण. मशीन रस्त्याच्या पलीकडे भाड्याच्या गाळ्यात बसलं. आणि एका सकाळी जमीलनं गाळ्यावर आपलं पहिलं फ्लेक्स टांगलं. निळं आभाळ, उडता गरुड, आणि वर 'न्यू एज डिजिटल फ्लेक्स'. 'न्यू' लिंबाच्या पिवळ्यात.

दुपारपर्यंत अख्खा बाजार रशीदभाईंना भेटून गेला. जिनिंगचा मुकादम आला, चहावाला आला, चपलावाले दोघे भाऊ जोडीनं आले. मयताच्या घरी जातात तसे येत, थोडं बसत, उठत. कोणी म्हणालं, पोटच्या पोरासारखा वाढवला होता. कोणी म्हणालं, जमाना. रशीदभाई शेवटी उठले, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले आणि चष्मा धरून बघत राहिले. आम्ही दोघी मशीन थांबवून बघत होतो. परत येऊन एवढंच म्हणाले, "अक्षर चांगले हायेत." त्या दिवशी त्यांचं नख कोरं होतं.

खरं म्हणजे घरात काहीच झालं नव्हतं. पण नळावर बायका शमीमभाभींना विचारू लागल्या, चूल कवा वेगळी केली? जमीलच्या बायकोला विचारू लागल्या, तुले वाट्याला काय आलं? आठ दिवस रोज विचारलं तर माणसाला वाटायला लागतं की आपणच काही विसरलो. नवव्या दिवशी जमीलच्या बायकोनं मागच्या खोलीत स्टोव्ह मांडला. शमीमभाभी आमच्या दुकानात येऊन बसल्या. काही शिवायला दिलं नाही, उगाच कापडाच्या चिंध्या गोळा करत राहिल्या. म्हणाल्या, ह्यांना संध्याकाळी पायरी दिसत नाही, जमील हात धरून आणायचा, काल भिंत धरत एकटे आले.

मला राहवेना. मी जमीलकडे गेले आणि जमेल तसं समजावून सांगितलं. माझं समजावणं म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं पदर पिळणं. तो चिडला नाही. म्हणाला, "वहिनी, न्यू एज म्हणजे नवा जमाना. दुनियाभर चालते हा शब्द. मी काय 'न्यू रशीद' लिवलं का?" मी म्हणाले, मंग काढून टाक. तो मशीनकडे बघत म्हणाला, "आता काढलं त लोक म्हणतीन डरला. अन् भाई मले एक शब्द नाही बोलले. शिवी बी नाही."

रशीदभाईंकडे गेले तर ते म्हणाले, त्यानं आधी सांगितलं असतं तर फूल पुसून 'न्यू' मीच लिहून दिलं असतं. 

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "त्याहीची रीत त्याहीलेच लाव." त्यांनी किटली चढवली आणि मला दोघांना बोलवायला पाठवलं. रशीदभाईंना सांगायचं, आमच्या शिलाई मशीनवरचं नाव पुसलं आहे, जरा लिहून द्या. जमीलला सांगायचं, आम्हाला फ्लेक्स करायचं आहे. मी घाबरून उलटं सांगून आले. रशीदभाईंना म्हणाले, आम्हाला फ्लेक्स करायचंय. जमीलला म्हणाले, ब्रशनं नाव लिहून दे. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. पण दोघंही आले. तुम्हीसुद्धा? हे विचारायला रशीदभाई आले, आणि ब्रशकाम मी करत नाही हे सांगायला जमील आला. दोघं पिवळ्या बाकाच्या दोन टोकांना बसले. मध्ये मी किटली ठेवली. 

चहा अर्धा झाला. रशीदभाई समोरच्या फ्लेक्सकडे बघत होते. मग घरी बोलत तसं म्हणाले, "मशीन में पीला रहता क्या?"

"रहता," जमील म्हणाला. "चार रंग रहते. उसमें एक पीला."

"खतम नहीं होता?"

"होता ना."

"तो होने दिया कर कभी-कभी."

जमीलनं कप बाकावर ठेवला. मग मनगटानं डोळे पुसले आणि माझ्याकडे हात केला, "वहिनी, कैची द्या."

माझी कापडाची चांगली कात्री होती ती. त्या दिवसानंतर तिनं कापड म्हणून कापलं नाही. जमीलनं 'न्यू' कापून काढलं, आणि कड लोंबू नये म्हणून मी ती मशीनवर दुमडून शिवली; दोन सुया मोडल्या. कापलेल्या जागी रशीदभाईंनी पत्र्याचा तुकडा ठोकला आणि त्यावर लाल फूल काढलं. जमील खालून शिडी धरून होता. म्हणाला, "जागा छोड़ी क्या, भाई?" वरून उत्तर आलं, "आदत है."

तेव्हापासून त्या दुकानाचं नाव 'एज डिजिटल फ्लेक्स'. एज म्हणजे काय ते दिग्रसात कोणाला माहीत नाही. एजवाल्याकडे जा म्हटलं की पोरंसोरंही बरोबर जातात. स्टोव्ह पुन्हा माळ्यावर गेला.

माझ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि आम्ही निघालो त्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. रशीदभाईंचं ब्रशाचं काम तोवर संपल्यातच जमा होतं. ते जमीलच्या गाळ्यात खुर्चीवर बसायचे, आणि छापण्याआधी जमील त्यांना पडद्याजवळ नेऊन शिरोरेषा दाखवायचा. नाक लावून बघत आणि मान हलवत. मी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "पुण्याच्या पाट्या पाहून सांगजा, छत आधी टाकतेत का."

तेवढ्यात एक तरुण दुकानदार आत आला. बाजारातल्या धान्यवाल्यांतला धाकटा. मोठं फ्लेक्स पाहिजे म्हणाला, आणि नावाआधी 'न्यू'. आजच पाहिजे.

जमीलनं पडद्यावरून मान वर केली. "पिवळा संपला. नागपूरहून येईल. आठ दिवस."

"मोठा कुठं हाय तुहा?" रशीदभाई रस्त्याकडे बघतच म्हणाले, आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग बसला.

बाहेरून मुलगा हाका मारत होता, एसटी लागली होती. मी येते म्हणाले. जमीलनं हात वर केला. त्याच्या अंगठ्याच्या नखावर पिवळी शाई होती, अजून ओली.